उपघटक ३ : शास्त्रीय लेखनातील शब्दभेद – 'बंध' आणि 'आकर्षण'

उद्दिष्ट : या उपघटकाच्या अभ्यासानंतर आपणांस परिभाषेतील शब्दभेद आणि आशयाची अचूकता यांचा संबंध स्पष्ट करता येईल.

विषय-विवेचन : विद्यार्थी मित्रहो, वसईतील होळी परिसरात रात्री वीज गेली आणि घरात मेणबत्ती लावली, तर मेण वितळते आणि जळतेही. शास्त्रीय लेखनात या दोन क्रियापदांतील अंतर जपावे लागते.

मेणाच्या रेणूत कार्बन व हायड्रोजनचे अणू सहसंयुज बंधाने जोडलेले असतात. 'संयुजा' म्हणजे अणूची संयोगक्षमता. 'सह' या पूर्वपदाने दोन अणूंनी इलेक्ट्रॉन सामाईक वापरणे सूचित होते. हा बंध बळकट असतो. मग मेण सुमारे ६० अंश सेल्सिअसलाच कसे वितळते? कारण वितळताना बंध तुटत नाहीत. शेजारी रेणूंमधील क्षीण आकर्षण तेवढे सैल होते. ज्वलनात मात्र बंध तुटतात आणि नवे पदार्थ बनतात. म्हणून 'उष्णतेने बंध तुटून मेण वितळते' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही चुकीचे आहे. पाठ्यपुस्तकात वा अनुवादात ते राहिले, तर वाचकाच्या मनात चुकीचे विज्ञान रुजते.

रचनेचा प्रभाव हिरा व ग्राफाइट यांत दिसतो. दोन्ही शुद्ध कार्बनच. हिऱ्यात प्रत्येक अणू चार अणूंशी बद्ध असून हे जाळे सर्व दिशांना पसरते; म्हणून हिरा अतिशय कठीण. ग्राफाइटात प्रत्येक अणू तिघांशीच बद्ध असल्याने सपाट थर तयार होतात. थराच्या आत बळकट बंध, तर दोन थरांमध्ये क्षीण आकर्षण. त्यामुळे थर सहज सुटतात आणि कागदावर अक्षर उमटते.

आपण त्या लेखणीला 'शिसपेन्सिल' म्हणतो. तिच्यात शिसे नसते. ग्राफाइट हा कार्बन असल्याचे शेले यांनी १७७९ मध्ये दाखवले, तरी जुने नाव टिकले. व्यवहारभाषेत रूढी चालते. परिभाषेत अर्थाशी इमान राखावे लागते.

सारांश : अणूंना रेणूत वा जाळ्यात जोडतो तो 'बंध', रेणूंना वा थरांना जवळ ठेवते ते 'आकर्षण'. पदार्थाचा गुणधर्म सांगताना यांपैकी काय तुटते, हे लेखकाने आधी ठरवावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न : 'साखर पाण्यात विरघळताना तिच्या रेणूतील बंध तुटतात.' या विधानातील दोष सांगून ते सुधारून लिहा.