डोंगरवाट, धबधबा आणि उपाशी पोट

पावसाळा सुरू झाला की आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, सहलीला चाललोय, एखादी गोळी लिहून द्या." कशाची गोळी, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते, "असावी आपली जवळ!" सहलीला निघताना खरी गरज गोळीची कमी आणि थोड्या पूर्वतयारीची जास्त असते. ही गोष्ट मला पुस्तकातून माहीत होती. पण ती पटली मात्र मागील श्रावणात, भांबवलीच्या वाटेवर. तो प्रसंग आज सांगणार आहे. ज्यांच्याबाबत तो घडला त्या गुरुजींनी, "नाव न घालता जरूर लिहा, चार लोक शहाणे होतील," अशी परवानगी दिली आहे.

औंधच्या मूळपीठ डोंगरावर रोज सकाळी यमाईच्या पायऱ्या चढणारे आमचे एक लहानसे मंडळ आहे. निवृत्त शिक्षक, दुकानदार, दोन-तीन शेतकरी आणि मी. औंधला व्यायामाची परंपरा जुनी. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालीत, आणि संस्थानातील शाळांतून मुलांनाही ते घालायला लावीत. त्यांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले होते. अशा गावात राहून नुसते बसून कसे चालेल? म्हणून कासचे पठार आणि भांबवलीचा वजराई धबधबा अशी एक दिवसाची सहल ठरली.

आम्ही चौदा जण पहाटे एका छोट्या बसने निघालो. रहिमतपूरमार्गे सातारा, तेथून यवतेश्वरचा घाट, पेट्री, कास आणि पुढे भांबवली. आपल्या खटाव तालुक्यात श्रावणातही कधीकधी आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. तेथे मात्र धुके, चिखल आणि सगळीकडून वाहणारे पाणी. ही उरमोडीच्या उगमाकडची बाजू. याच उरमोडीचे पाणी परळीजवळच्या धरणातून पुढे खटाव-माणकडे आणले आहे. हे सांगताच आमच्यातील शेतकऱ्यांना त्या डोंगराबद्दल वेगळीच आपुलकी वाटू लागली.

विरळ हवा नव्हे, कमी सवय

बसमधून उतरून थोडा चढ लागताच एक जण म्हणाले, "इथली हवा विरळ आहे, म्हणून दम लागतोय." हा समज पुष्कळांचा असतो. कासचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर, म्हणजे चार हजार फुटांच्या आसपास आहे. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २५०० मीटरच्या, म्हणजे सुमारे आठ हजार फुटांच्या वर सुरू होतो. तेव्हा सातारा जिल्ह्यातील डोंगरावर दम लागला तर दोष हवेला देऊ नये. सवय नसणे, वाढलेले वजन, अंगात कमी असलेले रक्त, दमा किंवा हृदयविकार, यांपैकी काही आहे का ते पाहावे.

यासाठी सोपी परीक्षा आपल्या घरीच आहे. सहलीच्या पंधरा दिवस आधीपासून यमाईच्या पायऱ्या चढायला सुरुवात करा. चढताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. वाक्य तोडून श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त होतो आहे. आणि चढताना छातीत दाब, जळजळ, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येत असेल, व थांबल्यावर ती जात असेल, तर डोंगर नंतर, आधी डॉक्टर. ही कळ म्हणजे हृदयाने दिलेली सूचना असू शकते. वाटेतच असे झाले तर रुग्णाला चालवत गाडीपर्यंत आणू नये. बसवावे, कपडे सैल करावेत, उचलून न्यावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. डोंगरात मोबाइलला 'रेंज' असतेच असे नाही. म्हणून ती कोठे मिळते हे गावातील माणसाला आधीच विचारून ठेवावे.

वाटेवरचा प्रसंग

भांबवलीत गावातीलच एक गृहस्थ वाटाड्या म्हणून बरोबर घेतले. साठीच्या आसपासचे, अंगाने काटक. सगळे त्यांना मामा म्हणू लागले. मामांनी निघतानाच सांगितले, "मी म्होरं, डॉक्टर शेवटाला. मधल्यांनी मधीच ऱ्हायचं. आन् कोणी पाण्यात उतरायचं न्हाई." नियम किती नेमके! मी मात्र मनात माझ्या तयारीवर खूश होतो. सर्वांचे बूट मी तपासले होते, प्रथमोपचाराची पेटी घेतली होती, रक्तातील साखर तपासण्याचे यंत्रही आणले होते. ते बसमध्ये होते.

पाऊण तास चाललो असू. वाट अरुंद, एका बाजूला झाडी आणि दुसऱ्या बाजूला उतार. पुढे गुरुजी चालले होते. वय चौसष्ट, मधुमेह आठ वर्षांचा, एरवी आमच्यात सर्वांत उत्साही. ते दोनदा अडखळले. मला वाटले, चिखल आहे. पावसात त्यांचा चेहरा ओला होता, त्यामुळे घाम मला दिसला नाही. पुढून मामा वळून मागे आले आणि हळूच म्हणाले, "डॉक्टर, ह्यांचं काय तरी बिनसलंय बघा. मगाधरनं पाय भलतीकडंच टाकत्यात."

मी गुरुजींचा हात धरला. हात थंड, ओला आणि थरथरत होता. "काय होतंय?" असे विचारताच ते चिडून म्हणाले, "काही नाही, तुम्ही चला." आयुष्यात कुणावर आवाज न चढविलेला माणूस! शब्दही जरा जड येत होते. मी विचारले, "सकाळी काय खाल्लंत?" उत्तर आले, "आज शनिवार. उपवास आहे." "आणि गोळी?" "ती घेतली की. गोळी कशी चुकवायची?"

सगळा उलगडा झाला. पोटात बिनसाखरेचा चहा, मधुमेहाची गोळी घेतलेली आणि वर पाऊण तासाची चढण. रक्तातील साखर घसरली होती. यंत्र बसमध्ये होते, आणि ते असते तरी त्याची वाट पाहायची ही वेळ नव्हती. आम्ही त्यांना उताराच्या उलट बाजूला, झाडाला टेकवून बसविले. मी पिशवीत साखर शोधत होतो, तोवर मामांनी खिशातून कागदात बांधलेला गूळ काढला. गुरुजींनी मान फिरवली, "उपवास आहे म्हटलं ना." मामा शांतपणे म्हणाले, "गूळ उपासाला चालतोय की, गुरुजी. देवाचाच हाय." एवढे ऐकले आणि त्यांनी तोंड उघडले.

गूळ आणि घोटघोट पाणी. दहा-बारा मिनिटांत थरथर थांबली. पंधराव्या मिनिटाला त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि विचारले, "आपण इथे का बसलोय?" मग दोन केळी दिली. तेवढ्या अरुंद वाटेवर आणखी दहा मिनिटे कुणाच्या लक्षात आले नसते तर काय झाले असते, हे लिहवत नाही.

चूक गुरुजींची कमी, माझी जास्त. मी चौदा जणांचे बूट पाहिले, पण एकालाही "काय खाल्ले, कोणती औषधे घेता?" असे विचारले नाही. मधुमेहाचा रुग्ण माझ्या पुढे चालत होता, आणि ओळखले ते मामांनी, केवळ पावले पाहून.

साखर का घसरते?

चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात. निरोगी माणसात साखर कमी होऊ लागताच शरीर आपोआप इन्सुलिन आखडते आणि यकृतातील साठा मोकळा करते. परंतु इन्सुलिनचे इंजेक्शन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेतल्या की इन्सुलिनचे काम चालूच राहते, पोट भरलेले असो वा रिकामे. नुसत्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, भूक, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे दिसतात. आणखी घसरली की मेंदू उपाशी राहतो. मग माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो. लोकांना वाटते, हा पिऊन आला आहे. शेवटी झटके किंवा बेशुद्धी येते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे थरथर आणि धडधड जाणवत नाही, म्हणून सोबत्यांचे लक्ष असणे महत्त्वाचे.

उपाय सोपा आहे. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा तेवढाच गूळ पाण्यातून द्यावा, पंधरा मिनिटे थांबावे, बरे न वाटल्यास पुन्हा द्यावा. नंतर पोटभर खाणे द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवून रुग्णालय गाठावे. गोळीचा परिणाम पुष्कळ तास टिकतो, म्हणून एकदा बरे वाटले की झाले, असे समजू नये. गुरुजींना आम्ही सावकाश गावात परत आणले. तेथे साखर ११२ भरली. मामांच्या घरी नाचणीची भाकरी आणि पिठले खाऊन त्यांनी उपवास सोडला. सातारला पोचल्यावर आम्ही पुन्हा तपासणी केली आणि मगच निर्धास्त झालो.

धबधब्यापाशी

बाकीची मंडळी मामांबरोबर धबधबा पाहून आली. तीन टप्प्यांत कोसळणारे ते पाणी पाहून आमच्याकडची माणसे वेडावून जातात. पाण्याला आसुसलेल्या मुलखातील आपण, पाणी दिसले की धावतो. धोका तेथेच आहे. शेवाळलेल्या खडकावर पाय टिकत नाही, आणि वर डोंगरात पाऊस झाला की खालचे पाणी पाहता पाहता वाढते. पाणी गढूळ होणे, पालापाचोळा वाहत येणे, आवाज बदलणे, या खुणा दिसताच काठापासून दूर व्हावे. झऱ्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी वर गुरे चरत असतात. प्यायला उकळलेले पाणी घरूनच न्यावे.

जळू लागली तर ओढू नये, चटकाही देऊ नये. नखाने तिचे तोंड कडेने सोडवावे, जागा धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरावी. रक्त थोडा वेळ वाहते, त्याने घाबरू नये. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे, घट्ट दोरी बांधणे हे सर्व प्रकार टाळावेत. तो अवयव हलू न देता, रुग्णाला न चालवता, सर्पविषावरील लस असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे. मंत्र-तंत्रात गेलेला वेळ परत मिळत नाही.

उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा जास्त भार येतो. पावले लहान टाकावीत, हातात काठी असावी. वारा आणि ओले कपडे यांमुळे मुले व वृद्ध लवकर गारठतात. कोरड्या कपड्यांचा एक जोड बसमध्ये ठेवावा.

निघण्यापूर्वी

१. न्याहारी करूनच निघावे. उपवास असेल तर गोळी-इन्सुलिनबाबत आदल्या दिवशी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मात्रा स्वतः बदलू नये.

२. साखर किंवा गूळ खिशात असावा, बसमधल्या पिशवीत नव्हे.

३. प्रत्येकाचा आजार, औषधे आणि घरचा फोन क्रमांक एका कागदावर लिहून गटप्रमुखाकडे द्यावा.

४. घाटात ओकारी होणाऱ्यांनी हलके खावे, पुढे बसावे, समोर पाहावे. ओकारीच्या गोळीने झोप येते, चालकाने ती घेऊ नये.

५. गावातील वाटाड्या घ्यावा आणि त्याचे ऐकावे. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने सर्वांनी चालावे.

सहलीनंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी गुरुजी दवाखान्यात आले. मी विचारले, "काय त्रास?" म्हणाले, "त्रास काही नाही. उद्या शनिवार आहे. उपवास करायचा आहे. गोळीचं काय करू, ते विचारायला आलोय."

हा प्रश्न आमच्या सर्व मधुमेही वाचकांनी आदल्या दिवशीच विचारावा.