चार्जरची वायर सोलली, टेप चालेल?

प्रश्न : ई-स्कूटरच्या चार्जरची वायर प्लगजवळ सोलली आहे, आतलं तांबं दिसतं. काळी टेप गुंडाळू का?
– एक वाचक, आनंदनगर, अंबरनाथ

उत्तर : नको. भिंतीवरचा स्विच बंद करून प्लग काढा आणि ती वायर पुन्हा लावू नका. गरम होऊन टेपचा चिकटपणा जातो, आणि चार्जिंग तर तासन्‌तास चालतं, बहुतेक घरांत सगळे झोपलेले असताना!

भिंतीपासून चार्जरपर्यंतची वायर सुटी निघत असेल तर तेवढीच बदला : तीन तारांची, आयएसआय शिक्क्याची, चार्जरवर लिहिलेले अँपिअर पेलणारी. दोन पिनांची स्वस्त वायर घेतलीत तर अर्थिंग गेलं. वायर चार्जरच्या आतूनच येत असेल तर डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज राहते. गाडीकडे जाणारी वायर घरी जोडूच नये, अधिक-उणे उलटलं तर चार्जर किंवा बॅटरी जाते. कंपनीचाच चार्जर आणा. लेड-ॲसिडचा चार्जर लिथियम बॅटरीला कधीच नाही.

सप्टेंबर 2022 मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा दगावला. म्हणून झोपायच्या खोलीत बॅटरी नकोच. वायरमन येणारच असेल तर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या.