ध्येयफलक : भिंतीवरील चित्र आणि हातातील काम

खानदेशात आखाजीच्या सुमारास सालदारांचे करार होतात आणि येणाऱ्या हंगामाचा विचार सुरू होतो. पेरणीपूर्वी वर्षाची आखणी करणाऱ्या जामनेर तालुक्यातील घराला ध्येयफलकाची कल्पना परकी वाटू नये. जे साधावयाचे, ते चित्रे व शब्द यांच्या साह्याने नित्य दृष्टीसमोर ठेवणे म्हणजे ध्येयफलक होय.

मात्र नुसते चित्र पुरेसे नाही. लिएन फाम व शेली टेलर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात असे आढळले की, चांगले गुण मिळाल्याचे दृश्य रंगविणाऱ्यांपेक्षा प्रत्यक्ष अभ्यास करतानाचे दृश्य मनात आणणाऱ्या विद्यार्थ्यांनी तयारी अधिक केली व गुणही अधिक मिळविले. फळाच्या कल्पनेत रमलेले मन श्रमाला शिथिल होते.

म्हणून परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या दहावीच्या विद्यार्थिनीने फलकाचे तीन भाग करावेत. पहिल्यात ध्येय; दुसऱ्यात अडचण, जसे 'कापूस वेचणीत शाळा बुडते'; तिसऱ्यात उपाय, जसे 'दिवेलागणीनंतर एक तास गणित'. दर रविवारी झालेल्या कामावर खूण करावी.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी यातील दुसरा भाग अवश्य वाचावा. वेचणीसाठी बुडणारी शाळा मुलीच्या एकटीच्या निश्चयाने वाचत नाही. त्यासाठी पालकांशी बोलावे लागते. फलक मुलीचा असला, तरी त्यावरील काही कामे वडीलधाऱ्यांची आहेत.