नफा आणि सातवी आज्ञा



आपल्या पैशावर मालक श्रीमंत होतो, हे न्याय्य आहे का? जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. चांगले बियाणे देऊन मिळवलेला नफा पाप नव्हे. मात्र बीटी कापसाचे सुमारे १६०० रुपयांचे पाकीट २००६ मध्ये सरकारी हस्तक्षेपानंतर ७५० वर आले. म्हणजे भाव केवळ खर्चावर नव्हे, घेणाऱ्याच्या गरजेवरही ठरतो.

ख्रिस्तसभा शिकवते: दुसऱ्याच्या अज्ञानाचा वा अडचणीचा फायदा घेऊन भाव वाढवणे सातव्या आज्ञेविरुद्ध आहे. जक्कयाने फसवलेल्यांना चौपट परत केले (लूक १९:८). आपणही दूध, धान्य विकतो. आपले माप व भाव या आज्ञेला धरून आहेत ना, हे या आठवड्यात तपासूया.