लेहला जाताना पिशवीत काय घ्याल?

उन्हाळी सुट्टी आली की हेमिस, ठिकसे येथील गोंपा आणि शांतिस्तूप पाहायला लेहला जाण्याचे बेत वस्तीत सुरू होतात. कोणी भिशी उचलतो, कोणी वर्षभर थोडे थोडे बाजूला टाकतो. एवढ्या कष्टाने ठरलेली सहल आजारपणात जाऊ नये, म्हणून या वेळी लेहच्या तयारीविषयी बोलू.

लेह हे वाळवंट आहे, पण उंचावरचे आणि थंड. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ३,५०० मीटर, म्हणजे साडेअकरा हजार फूट. वर्षभरात पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर. मे महिन्यात आपल्याकडे पंख्याखालीही घाम निथळतो, तेव्हा तिथे पहाटे तीन-चार अंश असतात आणि दुपारी ऊन चटके देते. हवा इतकी विरळ की प्रत्येक श्वासात आपल्याकडच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश प्राणवायू कमी मिळतो. थंडीला स्वेटर आहे, उन्हाला टोपी आहे. विरळ हवेवर मात्र एकच उपाय, तो म्हणजे वेळ. शरीराला तिची सवय व्हायला दिवस लागतात.

आधी दोन दिवस बांधा

विमान दिल्लीहून दीड तासाच्या आत लेहला उतरवते. शरीराला तयारीची संधीच मिळत नाही. म्हणून पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांतीचे ठेवा. जेवा, पाणी प्या, अंगणात हळू चाला. गोंपांच्या पायऱ्या तिसऱ्या दिवशी. खारदुंगला खिंड १७,५०० फुटांच्या वर आहे, पँगाँग तलाव सुमारे १४,००० फुटांवर. ती ठिकाणे त्यानंतरच. रस्त्याने जायचे असेल तर श्रीनगरहून कारगिलला मुक्काम करत जाणे शरीराला सोपे पडते.

सहल ठरवणाऱ्याने हे दोन दिवस कार्यक्रमात लिहूनच ठेवावेत. पैसे भरले आहेत, मग खोलीत का बसायचे, असे म्हणणारा एखादा निघतोच. त्याला हा लेख वाचायला द्या.

कपडे

एक जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे कपडे न्या: आत थर्मल, त्यावर स्वेटर, वर वारा अडवणारे जाकीट. दुपारी एकेक काढता येतात. कानटोपी, मफलर, हातमोजे आणि लोकरी मोज्यांचे तीन जोड घ्या. गोंपात पादत्राणे बाहेर काढावी लागतात आणि फरशी बर्फासारखी असते. साडी नेसणाऱ्या आयाबायांनी परकराच्या आत थर्मलची विजार घालावी. सगळे नवे घ्यायला हवे असे नाही. हिवाळ्यात रस्त्याकडेला स्वेटरवाले बसतात तेव्हाच घेऊन ठेवा, नाहीतर शेजाऱ्यांकडून मागून न्या. बूट मात्र नवे कोरे नकोत, पायात रुळलेले हवेत.

उन्हासाठी काळा चष्मा, काठाची टोपी आणि सनस्क्रीन. ओठ व नाक कोरडे पडून रक्त येते, म्हणून व्हॅसलीन घ्या. खोबरेल तेल तिथे थिजते; ते रुंद तोंडाच्या डबीत न्या.

खाऊ आणि पाणी

चिवड्याची हवाबंद पाकिटे उंचीवर फुगतात, कधी फुटतात. डब्यात भरून न्या. पाणी तिथे सुमारे ८८ अंशांवरच उकळते, त्यामुळे डाळ-भात उघड्या पातेल्यात शिजत नाही. स्वतः स्वयंपाक करणार असाल तर कुकर हवाच. पिण्याचे पाणी उकळी आल्यावर तीन मिनिटे तसेच उकळू द्या. प्रत्येकाची स्वतंत्र बाटली आणि ओआरएसची पाकिटे ठेवा. पहिले काही दिवस दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण वर्ज्य. थंडी वाजते म्हणून बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नका. त्या धुराने झोपेतच जीव जातो.

औषधे आणि तपासणी

बीपी, मधुमेह, दमा, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. रोजच्या गोळ्या मुक्कामापेक्षा आठ दिवस जास्तीच्या घ्या आणि चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन गोठले की वाया जाते. ते रात्री अंगाजवळ ठेवा. उंचीचा त्रास टाळण्यासाठी डॉक्टर अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी देतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तसे सांगा. दुसऱ्याची गोळी मागून खाऊ नका.

एक गोष्ट आपल्या घरांसाठी खास. विदर्भातील आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेल आहे. सिकलसेलच्या रुग्णाने एवढ्या उंचीवर जाऊ नये. वाहकाला घरी काहीच त्रास नसतो, त्यामुळे कित्येकांना आपण वाहक आहोत हेच ठाऊक नसते. उंचीवर मात्र काही वाहकांच्या प्लीहेचा, म्हणजे पानथरीचा, रक्तपुरवठा अडतो आणि डाव्या बरगडीखाली जोराची कळ येते. सरकारी दवाखान्यात रक्ताची तपासणी होते. ती करूनच जाण्याचे ठरवा.

दुखणे लपवू नका

डोके दुखणे, मळमळ, भूक न लागणे, चक्कर, झोप न येणे ही उंचीच्या त्रासाची सुरुवात आहे. असे वाटले की त्या दिवशी आणखी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून गुलाबी फेस आला, चालताना तोल गेला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा आणि रुग्णाला खाली उतरवा. प्राणवायूच्या डबीने तात्पुरता आराम पडतो, खाली उतरणे टळत नाही.

आपल्या माणसांची सवय आम्हाला ठाऊक आहे. आजी म्हणते, “मला काही नाही झालं, तुम्ही फिरून या.” माझ्यामुळे सगळ्यांचा दिवस वाया नको, असे तिला वाटते. म्हणून रोज सकाळी आणि रात्री प्रत्येकाला नाव घेऊन विचारा: डोके दुखते का? रात्री झोप लागली का? आजारी माणसाला खोलीत एकटे सोडून कोणी जायचे नाही, हेही निघण्यापूर्वीच ठरवून घ्या.

पँगाँग राहिला तर पुढच्या वेळी पाहता येईल. गेलेली सगळी माणसे धडधाकट परत आली पाहिजेत.