काळे राळे, गोरे राळे : शुद्ध उच्चार की स्पष्ट उच्चार?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी तालुक्याबाहेरच्या एका महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धा होती. आद्यक्रांतिकारक राघोजी भांगरे हा विषय मीच निवडला होता. त्यांचे देवगाव आमच्याच अकोले तालुक्यातले. त्यामुळे भाषण पाठ करायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. सात मिनिटांचे भाषण मी पाच मिनिटांच्या आतच संपवले आणि धापा टाकीत खाली येऊन बसलो. निकालानंतर परीक्षकांनी प्रत्येक स्पर्धकाला अभिप्रायाची चिठ्ठी दिली. माझ्या चिठ्ठीवर तीन छोटी वाक्ये होती : विषय उत्तम. उच्चार ग्रामीण. स्पष्टता हवी.

मित्रहो, ती चिठ्ठी मी बरेच दिवस खिशात घेऊन हिंडलो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला. माझे उच्चार ग्रामीण नसतील तर कोणाचे असणार? पण राग ओसरल्यावर एक प्रश्न मनात राहिला. दुसरे वाक्य आणि तिसरे वाक्य हा एकच दोष आहे की दोन निरनिराळे? वर्षभर रोज दहा मिनिटे जिभेला राबवल्यानंतर मला जे उत्तर सापडले, ते येथे मांडतो.

मराठीच्या सरांना चिठ्ठी दाखवली. ते म्हणाले, "बोबडी वळवणारी वाक्यं म्हणत जा रोज. पण आधी स्वतःचं भाषण मोबाईलवर घे आणि ऐक." मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन तेच भाषण ध्वनिमुद्रित केले. स्वतःचा आवाज ऐकणे हा काही सुखाचा अनुभव नव्हे. २ मे १८४८ रोजी राघोजींना ठाण्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली, हे माझ्या भाषणातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य. ते ऐकताना मलाच 'फाशी देन्यातली' असे काहीतरी ऐकू आले. 'ण'चा 'न' झाला होता, हे खरे. पण त्याहून मोठी चूक म्हणजे 'आली' हा शब्दच मी गिळला होता. पूर्ण भाषण तीनदा ऐकून मी चुका वहीत उतरवल्या. 'ण'चा 'न', 'श'चा 'स' अशा जागा थोड्या निघाल्या. वाक्याचा शेवट गिळलेला, दोन शब्द एकमेकांना चिकटलेले, श्वास संपल्यामुळे आवाज विरलेला, अशा जागा त्यांच्या कितीतरी पट होत्या. 'ग्रामीण' हा शेरा थोड्या चुकांना लागू होता आणि 'स्पष्टता हवी' हा बाकीच्या साऱ्यांना.

आता त्या वाक्यांकडे वळू. लहानपणी आपण सर्वांनीच 'कच्चा पापड, पक्का पापड' भराभर म्हणण्याच्या पैजा लावलेल्या आहेत. त्यात अवघड असे एकही अक्षर नाही. मग जीभ का अडखळते? व्याकरणाच्या तासाला वर्णांची उच्चारस्थाने शिकवतात, ती येथे उपयोगी पडतात. 'क' कंठ्य, म्हणजे जिभेचा मागचा भाग वर उचलून होणारा. 'च' टाळूपाशी होतो, 'प' ओठांनी. 'कच्चा'मध्ये आपण मागून पुढे येतो. 'पक्का'मध्ये ओठांपासून एकदम मागे जातो. एक चाल जिभेच्या अंगवळणी पडते न पडते तोच दुसरी येते, आणि पहिल्या शब्दाचे अक्षर दुसऱ्यात घुसते. 'चटईला टाचणी टोचली' याची गंमत याहून बारीक आहे. 'चटई'त आधी 'च' मग 'ट', आणि 'टाचणी'त व 'टोचली'त नेमके उलट. अक्षरे तीच, क्रम उलटा.

म्हणजे अडचण अक्षराची नसून क्रमाची आहे. ती केवळ जिभेच्या स्नायूंचीही नाही. अमेरिकेतील दोन संशोधकांनी १९८२ साली असे दाखवले की, अशी वाक्ये मनातल्या मनात, ओठ न हलवता वाचली तरीसुद्धा वाचकाला साध्या वाक्यांपेक्षा अधिक वेळ लागतो. जीभ स्वस्थ असतानाही मेंदू पुढच्या उच्चारांची मांडणी करीत असतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. हे वाचल्यावर माझ्या सरावाची दिशाच बदलली. तोवर मी वेगाच्या मागे होतो. वसतिगृहातला माझा खोलीसोबती घड्याळ लावून बसायचा आणि एका श्वासात किती वेळा 'पापड' झाले ते मोजायचा. (नंतर तो कंटाळला आणि पहाटे मला गच्चीवर हाकलू लागला.) वस्तुतः वेग हा या व्यायामाचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. मांडणी नीट बसावी म्हणून वाक्य आधी अतिशय सावकाश, अक्षर अन् अक्षर सुटे करून म्हणावे लागते. मग बोलण्याच्या नेहमीच्या गतीने. चूक झाली की पुढे रेटायचे नाही, पुन्हा सावकाश गतीवर यायचे. चुकीसह भराभर म्हटले तर चूकच पाठ होते.

हा प्रकार जुना आहे. ग्रीक वक्ता डेमॉस्थिनीस तोंडात खडे धरून बोलण्याचा सराव करी, असे प्लूटार्कने लिहून ठेवले आहे. (कोणी तसे करू नये. खडा घशात जायचा.) इंग्लंडमध्ये १८१३ साली जॉन हॅरिस या प्रकाशकाने मुळाक्षरांच्या क्रमाने अशा वाक्यांचे एक पुस्तकच काढले. त्याच्या नावातच स्पष्ट उच्चाराचा उल्लेख होता. आपल्याकडे पाणिनीय शिक्षेत वर्णोच्चाराला वाघिणीची उपमा दिली आहे. वाघीण पिलाला दातांत धरून नेते, पण ते खाली पडू देत नाही आणि त्याला दातही लागू देत नाही. अक्षर तसे उच्चारावे. मला ही उपमा डेमॉस्थिनीसच्या खड्यांपेक्षा कितीतरी अधिक पटली. माझ्या भाषणातली पिले वाटेतच पडत होती.

प्रचलित वाक्यांत माझ्या नेमक्या चुकांवरचे औषध मिळेना, म्हणून काही वाक्ये मीच जुळवली. 'श' आणि 'स' यांच्यासाठी माझ्या गावाजवळच्या शेंडीचे नाव कामी आले : शेंडीत सहा शेळ्या, सावलीत साऱ्या शेळ्या. 'न' आणि 'ण' यांच्यासाठी : पानावर पाणी, पाण्यावर पान. 'च'चे तर मराठीत दोन उच्चार आहेत, एक तालव्य आणि एक दंततालव्य, आणि लिहिताना मात्र दोन्हींना एकच अक्षर. त्यासाठी : चार चोर चहा चाखतात. हे मोठ्याने म्हणून पाहा. पहिला आणि तिसरा 'च' एक, दुसरा आणि चौथा निराळा. आपण हा फरक जन्मभर करतो आणि कोणी दाखवून देईपर्यंत तो लक्षातही येत नाही.

तीन आठवड्यांत ही सर्व वाक्ये मला सफाईने येऊ लागली. मोठ्या उत्साहाने मी राघोजींचे भाषण पुन्हा ध्वनिमुद्रित केले. 'ण' सुधारला होता. 'श' सुधारला होता. 'फाशी देण्यात' स्वच्छ ऐकू आले, आणि 'आली' पुन्हा गिळलेले! त्या दिवशी मी खरोखर निराश झालो. बोबडी वळवणारे वाक्य पाच-सहा शब्दांचे असते. तेवढ्यात श्वास संपत नाही आणि अर्थाकडे लक्ष द्यावे लागत नाही. भाषणात दोन्ही लागतात. जो या वाक्यांवरच थांबेल त्याला ही वाक्येच चांगली म्हणता येतील. म्हणून पाच मिनिटे वाक्ये आणि उरलेली पाच मिनिटे वर्तमानपत्रातला एखादा उतारा मोठ्याने, प्रत्येक क्रियापद शेवटपर्यंत पोहोचवून वाचायचा, असा क्रम ठेवला. खरा फरक पडला तो यानंतर.

शेवट पोहोचवायचा म्हणजे काय, हे मात्र मला गच्चीवर नव्हे तर घरी कळले. आमच्याकडे पावसाळ्यात धुके असे उतरते की दहा हातांवरचे माणूस दिसत नाही, आणि वारा अर्धे शब्द पळवून नेतो. आजी बांधावरून पलीकडच्या उतारावर गुरे वळणाऱ्या माझ्या चुलतभावाला हाक मारते, तेव्हा ती एका दमात दोन-तीनच शब्द बोलते, शेवटचा स्वर लांबवते आणि थांबते. ते तिकडे पोहोचले की मग पुढचे. ती 'पाणी'ला 'पानी' म्हणते, 'होते'ला 'व्हतं' म्हणते, आणि तिचा एकही शब्द वाया जात नाही. आमच्या तालुक्यातील कोंभाळण्याच्या बीजमाता राहीबाई पोपेरे यांचे बोलणे आपणांपैकी अनेकांनी ऐकले असेल. शाळेत न गेलेल्या या बाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्या मोठमोठ्या सभांत आपल्याच बोलीत बोलतात आणि शेवटच्या रांगेपर्यंत सर्वांना समजतात. त्यांच्या चिठ्ठीवर परीक्षक काय लिहितील?

प्रमाण मराठीला माझा विरोध नाही. परीक्षेत, व्यासपीठावर, मुलाखतीत ती लागते आणि मी ती कष्टाने शिकतो आहे. परंतु प्रमाण उच्चार ही एका विशिष्ट प्रसंगाची गरज आहे, तर स्पष्ट उच्चार ही ऐकणाऱ्याची. पहिला येत नाही म्हणून दुसराही नसेल असे धरून चालणे, किंवा पहिला आला की दुसरा आपोआप आला असे मानणे, मला मान्य नाही. माईकवरून अस्खलित प्रमाण मराठीत पुटपुटणारे वक्ते आपण गॅदरिंगला ऐकतोच. असो.

माझी परीक्षा मे महिन्याच्या अखेरीस झाली, तीही महाविद्यालयात नव्हे. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर लाखो काजवे लखलखतात आणि ते पाहायला मुंबई-पुण्याचे पर्यटक येतात. मी दोन वर्षे वाटाड्या म्हणून जातो. तेथे विजेरी लावायची नाही, मोबाईल उजळायचा नाही, आवाज चढवायचा नाही. म्हणजे ऐकणाऱ्याला तुमचे ओठ दिसत नाहीत, हातवारे दिसत नाहीत. काळोखात फक्त शब्द असतात, आणि तेही हलक्या आवाजातले. पहिल्या वर्षी मी 'डावीकडे दगड आहे, जपून' म्हणालो की मागून 'काय? काय म्हणालास?' असे यायचे, आणि तोवर कोणीतरी ठेचाळलेले असायचे. यंदा हळू आवाजातच, एका दमात तीन शब्द, शेवट पोहोचवून बोललो. ओळीतल्या शेवटच्या काकूंनीसुद्धा दगड ओलांडला. कोणी 'काय?' म्हटले नाही.

एक सूचना करणे मला आवश्यक वाटते. माझ्याबरोबर शाळेत असलेला एक मित्र तोतरा बोलतो. त्याला वर्गात उभा करून मुद्दाम अशी वाक्ये म्हणायला लावीत आणि वर्ग हसे. मीही हसलो आहे. तोतरेपणा हा आळशी जिभेचा दोष नव्हे आणि 'पापड' त्यावरचा उपाय नव्हे. त्यासाठी वाचा-उपचार तज्ज्ञ असतात. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच क्षेत्रात काम करते आहे. हा सराव आपल्यासारख्या घाईने बोलणाऱ्यांपुरता.

दिवाळीच्या सुट्टीत आजीला 'काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' हे म्हणून दाखवले. र, ळ आणि ल यांची अशी गुंफण दुसऱ्या कोणत्या वाक्यात मला आढळलेली नाही. 'मिसळले'पाशी भल्याभल्यांचा 'ळ' घसरतो. आमच्याकडे पीक नागलीचे आणि वरईचे. राळे तिने लहानपणी पाहिलेले. मी सलग पाच वेळा न अडखळता म्हटले आणि शाबासकीची वाट पाहू लागलो. ती सूप पाखडायची थांबली आणि म्हणाली, "म्हनतोस बेस. पर काळं न् गोरं राळं मिसळलं कोनी? बी निराळं ठेवाया नको व्हतं का?"