वाऱ्याची वीज व आस्कोव्हचे गुरुजी

वारा फुकट मिळतो, म्हणून त्याची वीजही फुकट पडावी, असा समज पुष्कळांचा असतो. मोठीं पातीं फिरावीं, त्यांच्या आंसास जोडलेलें विद्युज्जनक यंत्र फिरावें, आणि दिवे लागावे. यांत अवघड तें काय? वस्तुतः पातीं फिरविणें हें या विद्येचें सोपें अंग आहे. वारा पडल्यावर काय करावें, हें अवघड. या प्रश्नाशीं नेटानें झुंजणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांपैकीं एक शाळेंतील शिक्षक होता, म्हणून त्याची हकीकत आम्हां विद्यार्थ्यांस विशेष गोड वाटते.

पॉल ला कूर हा डेन्मार्कमधील पदार्थविज्ञानवेत्ता. हवामानखात्यांतील मोठ्या हुद्द्याची नोकरी सोडून तो १८७८ सालीं आस्कोव्ह या खेड्यांतील लोकविद्यालयांत शिकवूं लागला. पुढें शहरांत विजेचे दिवे आले; खेडीं मात्र अंधारांतच राहिलीं. देश सपाट, त्यामुळें उंचावरून कोसळणारें पाणी नाहीं. वारा तेवढा भरपूर. तेव्हां १८९१ सालीं सरकारी साह्यानें ला कूरनें विद्यालयाजवळ प्रयोगासाठीं एक पवनचक्की उभारिली.

येथें वाऱ्याचा स्वभाव नीट समजून घेतला पाहिजे. त्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्यापासून मिळणारी शक्ति दुप्पट न होतां आठपट होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. उलट वेग निम्मा झाला कीं शक्तीचा आठवा हिस्साच हातीं उरतो. अंगणांत उभ्या असलेल्या माणसास जो फरक थोडा भासतो, तो दिव्यास फार भारी पडतो. क्षणांत डोळे दिपावे, तर क्षणांत तार नुसती लाल होऊन रहावी! हे हिसके कमी करण्यासाठीं ला कूरनें पट्टे व वजनें यांची एक साधी युक्ति योजिली. पण वारा अजिबातच थांबला तर?

शिशाच्या पट्ट्यांचे विद्युत्संचायक त्या काळीं फार महाग पडत. म्हणून त्यानें निराळाच मार्ग धरला. वाऱ्याच्या विजेनें पाण्याचें पृथक्करण करून त्यांतील हायड्रोजन वायु तो टांकींत सांठवी, आणि रात्रीं तो वायु दिव्यांत जाळी. १८९५ पासून १९०२ पर्यंत विद्यालयांत असा उजेड होता. मात्र हायड्रोजनांत थोडाही ऑक्सिजन मिसळला कीं स्फोट होई, व विद्यालयाच्या इमारतींच्या खिडक्यांना पुनः पुनः नव्या कांचा बसवाव्या लागत. इतक्या कांचा फुटूनही प्रयोग चालूं देणाऱ्या त्या विद्यालयाचें आम्हांस कौतुक वाटतें.

कृत्रिम वाऱ्याच्या नळींत पात्यांच्या प्रतिकृति ठेवून त्यानें आणखी एक गोष्ट ताडली. वीज काढण्यास पुष्कळ व संथ पात्यांपेक्षां थोडीं व वेगानें फिरणारीं पातींच बरीं. खेड्यांतील तरुणांस वीजकाम शिकविण्याचा वर्गही त्यानें काढला. १९०४ सालीं त्या वर्गांत योहानेस यूल नांवाचा मुलगा होता. ला कूर १९०८ सालीं वारला. पण या शिष्यानें १९५७ सालीं गेडसर येथें तीन पात्यांची, २४ मीटर व्यासाची, २०० किलोवॅटची चक्की उभी केली, व ती सुमारें दहा वर्षें चालली. आपल्या साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर जीं तीन पात्यांचीं यंत्रें दिसतात, तीं याच वळणाचीं.

अलीकडील वर्षांत डेन्मार्कची सुमारें निम्मी किंवा त्याहूनही अधिक वीज वाऱ्यापासून येते. तरी जुना प्रश्न सुटला असें म्हणवत नाहीं. त्यास शेजाऱ्यांचा आधार मिळाला, इतकेंच. नॉर्वेंत डोंगरी धरणें आहेत, आणि १९७६-७७ पासून समुद्राखालून घातलेल्या तारांनीं हे दोन देश जोडलेले आहेत. डेन्मार्कांत वारा जोराचा असला कीं जास्तीची वीज नॉर्वेस जाते, व तेथील पाणी धरणांत शिल्लक राहतें. वारा पडला कीं तेंच पाणी सोडून केलेली वीज परत येते. आणि ज्या हायड्रोजननें आस्कोव्हच्या कांचा फोडल्या, त्याच्या टांक्या वाऱ्याच्या विजेनें भरण्याचे प्रयोग आज पुनः चालूं झाले आहेत.